पेशी वाचण्याचं काम: मुंबईत सायटोलॉजीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

मानेला गाठ, छातीत पाणी, लघवीतून रक्त, अंगावरून जाणं. तक्रारी चार, पण चौघांचेही नमुने रुग्णालयातल्या एकाच खोलीत येतात, सायटोलॉजीच्या. तिथे ते काचपट्टीवर पसरले जातात, रंगवले जातात आणि मायक्रोस्कोपखाली पेशीन् पेशी पाहून रोगाचा माग काढला जातो. हिस्टोपॅथॉलॉजीत अवयवाचा तुकडा येतो, त्यामुळे पेशींची मांडणी शाबूत असते. इथे पेशी सुट्या येतात. मांडणीचा आधार नसल्यामुळे केंद्रकाचं आकारमान, त्याची कड आणि क्रोमॅटिनचा (केंद्रकातल्या रंग घेणाऱ्या द्रव्याचा) पोत यांवरच भिस्त. त्या बदल्यात रुग्णाची कापाकापी टळते, खर्च कमी येतो आणि उत्तर बरेचदा एकदोन दिवसांत हाती पडतं.

या कामात येणारी बहुतेक मुलं-मुली कॅन्सरच्या पेशी पाहायला उतावीळ असतात. त्या ओळखायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ लागतो तो निरोगी पेशी पाठ व्हायला. साध्या पेशींवरून ज्याची नजर हजारो वेळा फिरली आहे, त्यालाच वेगळी पेशी खटकते. शिकताना कुठे जोर लावायचा, हे यावरून ठरवा.

शिक्षण कुठून सुरू करायचं

बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन. त्यापुढे दोन वाटा जास्त मळलेल्या आहेत. एक, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकल पदवी, लॅबोरेटरी शाखेतून. दुसरी, प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी किंवा लाइफ सायन्समध्ये बी.एस्सी. आणि मग डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा. दोन्हीकडे सायटोलॉजी हा अनेक विषयांपैकी एक असतो. रक्त, लघवी, बायोकेमिस्ट्री यांच्या गर्दीत तो चारदोन प्रात्यक्षिकांत उरकला जातो. म्हणून पदवीनंतर एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या सायटोलॉजी विभागात प्रशिक्षण घ्यावंच लागतं. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायटोलॉजिस्ट्स ही संस्था सायटोटेक्निशियन आणि सायटोटेक्नॉलॉजिस्ट अशा दोन पायऱ्यांच्या परीक्षा घेते. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेत शब्दशः वाचा आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात हवं ते आधीच विचारून ठेवा. अनुभव असूनही कागद नीट नाही म्हणून अर्ज अडकणं ही टाळता येण्यासारखी गोष्ट आहे.

जागेच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. परळला केईएम आणि टाटा मेमोरियल एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. भायखळ्याला जेजे, मुंबई सेंट्रलला नायर, शिवाय सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय. एवढ्या मोठ्या रुग्णालयांत रोज जी विविधता काचेवर येते ती लहान शहरात वर्षभरातही दिसत नाही. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, आणि भारतीय पॅथॉलॉजीचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत खानोलकर यांनी तिथला पॅथॉलॉजी विभाग उभा केला. या शहरात हे काम शिकणं म्हणजे जुन्या घरात पाऊल ठेवणं आहे.

एक सावधगिरी. स्टेशनबाहेरच्या खांबांवर ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशा पाट्या दिसतात. फी भरण्याआधी तो अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा वा मंडळाचा आहे आणि त्यावर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळते का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर तोंडीच मिळालं तर तिथून निघा.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून स्पष्ट असू द्या. रिपोर्टवरची सही पॅथॉलॉजिस्टची. सायटोटेक्नॉलॉजिस्ट स्लाइड तयार करतो, ती संपूर्ण पाहतो, शंकेच्या पेशींवर ठिपके देतो आणि आपलं मत नोंदवतो. रुग्णाने किंवा नातेवाइकाने खिडकीशी कितीही गयावया केली तरी ‘कॅन्सर आहे का हो?’ याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही.

पहिला धडा गालाच्या आतल्या पेशींचा

कॉलेजच्या लॅबमध्ये हा प्रयोग कुणीही करू शकेल. चूळ भरा. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने गालाची आतली बाजू हलकेच खरवडा आणि दोन काचपट्ट्यांवर पातळ थर पसरा. एक पट्टी त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. दुसरी टेबलावर अर्धा तास तशीच ठेवा आणि मग अल्कोहोलमध्ये घाला. दोन्ही एकत्र रंगवून शेजारी शेजारी पाहा.

पहिलीत पेशींच्या कडा रेखीव, केंद्रक लहान, गोल, आणि आतले क्रोमॅटिनचे कण वेगवेगळे दिसतात. दुसरीत पेशी फुगल्यासारख्या, केंद्रक मोठं आणि धूसर, रंग नको तिथे गुलाबी-नारिंगी. पेशी त्याच, माणूस तोच, फक्त हवा लागली. आता हेच गर्भाशयमुखाच्या स्मीअरवर (काचेवर पसरलेल्या नमुन्यावर) झालं तर मोठं दिसणारं केंद्रक रोगाचं की वाळल्याचं, हे कसं ठरवणार? गर्भाशयमुखाचा हा स्मीअर, म्हणजेच पॅप स्मीअर, बिघडण्याचं एक नेहमीचं कारण हेच आहे. नमुना घेणारी नर्स किंवा डॉक्टर स्लाइड ट्रेवर ठेवून आधी फॉर्म भरतात, आणि तेवढ्या वेळात ती वाळून जाते. नमुना घेण्याआधी बरणीचं झाकण उघडून ठेवायला त्यांना सांगणं, हेही तुमच्या कामात येतं.

बरणीत स्लाइड किमान १५ मिनिटं राहायला हवी. इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागत असल्याने अनेक लहान लॅब शुद्ध मिथेनॉल किंवा ८० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. दोन्ही चालतात. स्लाइडच्या खरबरीत टोकावर नाव आणि नंबर शिसपेन्सिलीनेच लिहा, कारण शाई अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुऊन जाते. नाव आणि नंबर दोन्ही हवेत. एकाच दिवशी एकाच नावाच्या दोन बाया येणं मुंबईत मुळीच दुर्मीळ नाही, आणि अदलाबदल झाली तर एका निरोगी बाईवर उपचार सुरू होतात, दुसरी घरी जाते.

रंगवणं

जॉर्ज पापानिकोलाउ आणि हर्बर्ट ट्रॉट यांचा पॅप चाचणीवरचा गाजलेला लेख १९४१चा. रंगाची मूळ कल्पना तेव्हापासून टिकून आहे: केंद्रक हिमॅटॉक्सिलिनने निळं, केराटिन असलेलं पेशीद्रव ओजी-६ने नारिंगी, बाकीचं ईए-५०ने गुलाबी आणि हिरवट-निळं.

क्रम असा. अल्कोहोलमधून काढलेली स्लाइड ८०, ७०, ५० टक्के अशा उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणा. हॅरिस हिमॅटॉक्सिलिनमध्ये साधारण ४ ते ६ मिनिटं, मग धुवा. जादा रंग उतरवायला अर्ध्या टक्क्याच्या हायड्रोक्लोरिक आम्लात एकदोन बुचकळ्या, बस. इथे हात रेंगाळला तर केंद्रक फिकं पडतं आणि गडद केंद्रकाची खूण हातची जाते. लगेच नळाच्या पाण्यात धुवा. केंद्रक लालसर राहिलं तर समजा पाण्याला अल्कधर्मी गुण कमी आहे. तेव्हा स्कॉटचं द्रावण वापरा: एक लिटर पाण्यात ३.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. मग चढत्या अल्कोहोलने ९५ टक्क्यांपर्यंत, ओजी-६मध्ये दीड ते दोन मिनिटं, ९५ टक्क्यात दोनदा धुणं, ईए-५०मध्ये अडीच ते तीन मिनिटं, पुन्हा ९५ टक्के, मग निर्जल अल्कोहोल, झायलीनच्या दोनतीन बरण्या, आणि डीपीएक्स या चिकटवणाऱ्या द्रवावर कव्हरस्लिप.

वेळा या ढोबळ आहेत. बाटली बदलली, रंग जुना झाला की बदलतात. म्हणून रोज सकाळी ओळखीची एक कंट्रोल स्लाइड रंगवून पाहिल्याशिवाय रुग्णांच्या स्लाइड घालू नका. हिमॅटॉक्सिलिन रोज गाळून घ्या, वर धातूसारखी चकाकणारी साय येते ती पेशींवर बसते. झायलीनमधून काढलेली स्लाइड वाळायला लागली आणि मग कव्हरस्लिप लावली, तर पेशींवर तपकिरी, चकाकणारे डाग येतात. त्याला आमच्याकडे कॉर्नफ्लेक म्हणतात. उपाय सोपा: स्लाइड झायलीनमध्ये ठेवून कव्हरस्लिप सुटू द्या, मागे पाण्यापर्यंत न्या आणि परत वर आणून लावा.

गंभीर चूक वेगळीच आहे. छातीच्या किंवा पोटाच्या पाण्यात पेशींची रेलचेल असू शकते, आणि त्यातल्या काही रंगाच्या बरणीत सुटून पुढच्या रुग्णाच्या स्लाइडवर बसतात. त्या पाहून निरोगी माणसाला कॅन्सर लिहिला जाऊ शकतो. म्हणून अशा स्लाइड सगळ्यात शेवटी, वेगळ्या बरण्यांत रंगवा. आधी थेंबभर टोल्युइडिन ब्लू लावून कुठली स्लाइड पेशींनी भरलेली आहे ते पाहिलं की रांग लावणं सोपं जातं.

पावसाळ्यातली मुंबई

पुस्तकात हे सापडत नाही म्हणून इथे. जुलैत हवा इतकी दमट असते की हवेत वाळवून जिम्सा रंगाने रंगवायच्या एफएनएसीच्या (गाठीत बारीक सुई घालून घेतलेल्या नमुन्याच्या) स्लाइड लवकर सुकत नाहीत. सावकाश सुकलेल्या पेशी आक्रसतात, तपशील जातो. पातळ स्मीअर करा आणि थंड हवेच्या ड्रायरने किंवा लहान पंख्याने लगेच वाळवा, गरम हवा नको. निर्जल अल्कोहोल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी झायलीनमध्ये उतरतं आणि झायलीन दुधाळ होतं. असं दिसलं की त्याच्या आधीची अल्कोहोलची बरणी बदला. नुसतं झायलीन बदलून संध्याकाळी पुन्हा तेच होतं. मायक्रोस्कोपच्या भिंगावर बुरशीचे बारीक धागे चढतात ते वेगळंच. ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, जेलचा रंग बदलला की भट्टीत तापवून घ्या.

मायक्रोस्कोपवर

१०च्या ऑब्जेक्टिव्हने संपूर्ण स्लाइड, ४०ने शंकेची पेशी. आयपीसचा फील्ड नंबर २० असेल तर १०च्या भिंगाखाली दिसणारं वर्तुळ २ मिलिमीटरचं. २४ बाय ५० मिलिमीटरची कव्हरस्लिप उभ्या ओळींनी पाहायची आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर पाव भाग चढवायची, तर पुढे सरकायचं दीड मिलिमीटर. म्हणजे तेहतीस-चौतीस ओळी. हा हिशेब एकदा केला की ‘नजर टाकली’ आणि ‘स्क्रीन केली’ यांतला फरक कळतो. अमेरिकेत एका माणसाने चोवीस तासांत १००हून जास्त स्लाइड पाहू नयेत असा नियम आहे, आणि त्याही आठ तासांपेक्षा कमी वेळात नाहीत. तो वरचा काठ आहे, शिकाऊ माणसाने त्याच्या जवळपासही जाऊ नये. सुरुवातीला दिवसाला दहाबारा नीट पाहिल्या तरी पुष्कळ. तासाभराने उठून खिडकीबाहेर लांबचं काहीतरी पाहा. थकलेला डोळा स्लाइडवरून सरकतो, पण पाहत नाही.

गर्भाशयमुखाच्या स्मीअरसाठी भाषा बेथेस्डा या रिपोर्ट लिहिण्याच्या पद्धतीची, सध्या २०१४ची आवृत्ती. प्रथम नमुना पुरेसा आहे का ते ठरवा: साध्या स्मीअरमध्ये ८,००० ते १२,००० सुस्थितीतल्या स्क्वेमस (चपट्या) पेशी, लिक्विड बेस्डमध्ये (पेशी द्रवात गोळा करून केलेल्या स्लाइडमध्ये) ५,०००. पाऊणहून जास्त पेशी रक्ताने किंवा पुवाने झाकल्या असतील तर नमुना अपुरा, स्पष्ट लिहा. अपुऱ्या नमुन्याला ‘नॉर्मल’ म्हणणं हा त्या बाईवर अन्याय आहे. पण त्या झाकलेल्या स्लाइडवर एक जरी पेशी खटकली, तर तिला अपुरी म्हणून सोडायचं नाही. तिथे पेशीचं निदान पुढे.

मोजपट्टी डोळ्यासमोरच असते, साध्या इंटरमीडिएट (मधल्या थरातल्या) पेशीचं केंद्रक. त्याच्या अडीच ते तीन पट क्षेत्रफळाचं केंद्रक दिसलं तर अनिश्चित गट, तिपटीहून मोठं, गडद आणि पेशी मोठी, प्रौढ असेल तर एलएसआयएल, म्हणजे सौम्य दर्जाचा बदल. केंद्रकाभोवती कोरून काढल्यासारखी पोकळी आणि तिची कड घट्ट असेल तर ती एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागच्या विषाणूची) खूण असलेली पेशी, कॉयलोसाइट. नुसतं ग्लायकोजेन किंवा सूज यांनीही वलय पडतं, पण त्याची कड विरलेली असते आणि केंद्रक साधं असतं.

नवशिक्याच्या हातून निसटते ती एचएसआयएल, म्हणजे तीव्र दर्जाच्या कॅन्सरपूर्व बदलाची पेशी, आणि निसटण्याचं कारण असं की ती भव्य दिसत नाही. पेशी लहान, केंद्रकही एलएसआयएलपेक्षा लहान असू शकतं, फक्त त्याने जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली असते. १०च्या भिंगाखाली ती श्वेतपेशींच्या गर्दीत, श्लेष्म्याच्या दोरीत एकेकटी बसलेली असते. ४०वर गेलं की केंद्रकाची कड चुरगळलेल्या कागदासारखी दिसते, खाचा पडलेली, क्रोमॅटिन खडबडीत. श्लेष्म्याचा प्रत्येक पट्टा दिसला की वेग कमी करा. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्मीअरमधल्या पॅराबेसल (खालच्या थरातल्या) पेशींचंही केंद्रक मोठं वाटतं. तिथे कड गुळगुळीत आणि क्रोमॅटिन सारखं आहे का, एवढं पाहा.

सुईचे नमुने आणि द्रव

एफएनएसीची सुई २२ ते २५ गेजची. सुई बाहेर काढण्याआधी पिस्टन सोडला नाही तर ऐवज सिरिंजमध्ये चढतो आणि काचेवर काही उरत नाही. थेंब पसरताना दुसऱ्या काचेचं वजनच पुरेसं असतं. दाबलंत तर लसीकागाठीच्या नाजूक पेशी फुटून केंद्रकांचे निळे धागे ओढले जातात, आणि मग निदान कुणालाच करता येत नाही. काही स्लाइड ओल्या असताना अल्कोहोलमध्ये, काही वाळवून ठेवा.

मुंबईत मानेच्या गाठीत क्षयरोग नेहमीचा. एपिथेलॉइड पेशींचे झुबके, मागे दाणेदार गुलाबी मृत ऊती, किंवा नुसता पू. तेव्हा एक स्लाइड झील-नील्सनसाठी (क्षयाचे जंतू दाखवणाऱ्या रंगासाठी) न रंगवता राखा आणि सुई धुतलेलं पाणी जीवाणूंच्या तपासणीसाठी पाठवा. तंबाखू-मावा खाणाऱ्यांच्या मानेत तोंडातल्या कॅन्सरची गाठ येते. ती कधी मधोमध विरघळून पुवासारखी दिसते, म्हणून पुवाच्या स्लाइडमध्येही नारिंगी, विचित्र आकाराच्या केराटिनच्या पेशी शोधायच्या.

छाती-पोटाचं पाणी लगेच आलं नाही तर ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला २,००० फेऱ्यांनी १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओता, गाळाचे स्मीअर करा आणि उरलेला गाळ सेल ब्लॉकसाठी (मेणात बसवून काप घेण्याच्या ठोकळ्यासाठी) १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. पाण्यात गुठळी झाली असेल तर ती फेकू नका, बऱ्याच पेशी तिच्यातच अडकलेल्या असतात. लघवी सकाळची पहिली नको, रात्रभर मूत्राशयात पेशी सडतात. त्यानंतरची ताजी घ्या.

हेपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांना घेतल्याशिवाय बेंचवर बसू नका. न रंगवलेला नमुना हा जिवंत संसर्ग समजा, थुंकीची बरणी सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा. सुई टोपणात परत घालायची नाही, ती सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात.

नोकरी शोधताना

महापालिका आणि सरकारी रुग्णालयांच्या जाहिराती बहुधा ‘लॅब टेक्निशियन’ या नावाने निघतात, सायटोलॉजीत नेमणूक पुढे होते. खासगी लॅबमध्ये मुलाखतीला गेलात की तुम्हीही विचारा: रोज सायटोलॉजीच्या किती केसेस येतात, मी स्क्रीन करणार की फक्त रंगवणार, माझ्या निगेटिव्ह स्लाइडपैकी काही पुन्हा पाहिल्या जातात का, बायोप्सीचा निकाल मला कळतो का. अनेक ठिकाणी सगळ्या स्लाइड पॅथॉलॉजिस्टच पाहतात आणि तुमचे हात वर्षानुवर्षं बरण्यांतच राहतात. पगार बरा असला तरी पहिल्या नोकरीत हे पत्करू नका.

पॅपचं पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली. त्याआधी टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून अ‍ॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी करून घेतली, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. तपासणीचं पहिलं पाऊल पॅपकडून निसटतं आहे. पण एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्यांची निवड, सुईचे नमुने, द्रव आणि सेल ब्लॉकवरची इम्युनो तपासणी (पेशीतली ठरावीक प्रथिनं दाखवणारी) हे काम आहे आणि वाढतं आहे. ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेची दुर्बिणीने तपासणी) चालू असताना शेजारी बसून मिनिटभरात रंगवून ‘पुरेशा पेशी आल्या’ सांगणारा माणूस मोठ्या रुग्णालयांना हवा असतो. नुसत्या पॅपवर थांबू नका, सेल ब्लॉक शिकूनच बाहेर पडा.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. नाव नको, फक्त लॅब नंबर. पॅथॉलॉजिस्टचं मत कळण्याआधी आपलं मत शाईने लिहा. शेजारी त्यांचं, आणि पुढे आली तर बायोप्सीचं. महिनाअखेरीस फक्त न जुळलेल्या ओळी काढा, त्या स्लाइड परवानगीने फाइलमधून मागवा आणि आपला ठिपका कुठे पडायला हवा होता ते शोधा.